एकट्यानं सही करू नकोस

अमळनेर

चि. प्रशांत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तेव्हापासून तुझी आई गप्प आहे. माझ्या खोकल्याचं विचारू नकोस, तो आहे तसाच आहे.

घर तुझ्या नावावर केलं, त्याचा पस्तावा नाही. पण पुनर्विकासासाठी बिल्डरनं दिलेल्या कागदावर एकट्यानं सही करू नकोस. आपली सोसायटी भाडेकरू-मालकी पद्धतीची. वरचं बांधकाम सभासदाचं, खालची जमीन संस्थेची, प्लॉट आपल्याला भाडेपट्ट्यानं. संस्थेला वगळून केलेला करार पुढे अडकतोच. आधी सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढ, ती नसेल तर सातबारा. मूळ शेतमालकाच्या वारसांची नावं कमी करायची राहून गेलेली असतात, आणि भाव वाढला की तिथूनच दावे निघतात. एन.ए. म्हणजे बिगरशेतीचा आदेश, मंजूर ले-आऊट आणि संस्थेचा भाग (शेअर) दाखला एकाच फायलीत लाव.

ले-आऊटमधली मोकळी जागा नीट बघ. बिल्डरचा डोळा तिच्यावर असतो.

अशा सोसायट्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. १९५२ साली केंद्र सरकारनं औद्योगिक कामगारांच्या घरांची अनुदानित योजना काढली. तिच्यात कामगारांच्या सहकारी संस्थांनाही कर्ज आणि अनुदान मिळे. गावाबाहेरची जमीन स्वस्त, म्हणून सोसायट्या तिथं गेल्या; मागून नळ, रस्ता, शाळा, किराणा दुकान आलं आणि गावाची हद्द सरकली. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांनी सोसायटी करून दहा हजार घरं उभी केली, २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. हप्ता भरणाऱ्या हातांनी शहर वाढवलंय रे. तुझ्या आजोबांचं पासबुक अजून पेटीत आहे, एकही महिना कोरा नाही.

आणि वर दोन मजले चढवायचं तर मनातही आणू नकोस. घर विटांच्या भिंतींवर उभं आहे, कॉलम नाहीत. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तडा तिरका गेलाय. मे महिन्यात त्यात पाचाचं नाणं शिरतं, श्रावणात पोस्टकार्डही जात नाही. नुसतं सिमेंट भरलं की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो. नवं बांधायचं तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा आणि प्लिंथला, म्हणजे जोत्याला, बीम फिरवायचा.

पुन्हा शिकवायला लागलो. राग मानू नकोस. तू शिकलेला आहेस, चारचौघांत तुझं नाव घेताना मला बरं वाटतं. पण तो माणूस गोड बोलतो, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

पुनर्विकास करायचाच असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातल्या क्रमानं होऊ दे. आधी सर्वसाधारण सभा आणि आर्किटेक्टचा व्यवहार्यता अहवाल. बिल्डर निवडताना सहकारी संस्थांच्या निबंधकांचा अधिकारी हजर, चित्रीकरण चालू आणि ५१ टक्के सभासदांची संमती. तोंडी कबुली धरायची नाही. ताईनं हक्कसोडावर एका शब्दानं न विचारता सही दिली, तेही ध्यानात ठेव.

रविवारी सभा आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीनं ये, बिल्डरचा कागद सही न करता तसाच घेऊन ये. आईनं बिबड्या वाळवून ठेवल्यात.

तुझे,
आबा