अकरा गोळ्या आणि नियम २७ : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. मी पुण्यात धायरीला राहतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एकतीस वर्षे लोकांचे दस्त तपासून निवृत्त झालो. गेल्या मंगळवारी शहरातल्या एका रुग्णालयाच्या संशोधन कक्षात माझ्या पत्नीकडून एका नव्या औषधाच्या ट्रायलच्या, म्हणजे रुग्णांवरील चाचणीच्या, उरलेल्या अकरा गोळ्या मोजून परत घेण्यात आल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तिथल्या मुलीने बाटली स्टीलच्या ट्रेमध्ये उपडी केली, पट्टीने दोन-दोन गोळ्या बाजूला सारत मोजणी केली, आकडा रजिस्टरात लिहिला आणि सीलबंद पिशवीच्या पावतीवर पत्नीची सही घेतली. "काकू, ट्रायल बंद झाली ना, उरलेलं सगळं परत पाठवावं लागतं," असे ती म्हणाली. तिचा दोष नाही. अशा परत गेलेल्या गोळ्या सहसा नष्ट केल्या जातात, हे मात्र तिने आम्हाला सांगितले नाही. ते मी नंतर वाचले.

पत्नीला मायलोफायब्रोसिस आहे. या आजारात हाडांतल्या मज्जेत तंतूंची जाळी धरत जाते, रक्त तयार करण्याचा भार पानथरीवर (प्लीहेवर) येतो आणि ती वाढत वाढत पोट व्यापते. एवढे सांगून कोणाला फारसे कळत नाही. अर्ध्या भाकरीनंतर माणसाला घास जात नाही, असे सांगितले की कळते. दीड वर्षापूर्वी तिची तीच गत होती. घामामुळे रात्रीतून दोनदा कपडे बदलावे लागत, आणि रिक्षातून स्वारगेटपर्यंत जाताना प्रत्येक गतिरोधकाला ती डावी कूस हाताने दाबून धरी. मग या ट्रायलच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या महिन्यात बरगडीखाली चौदा सेंटिमीटर लागणारी पानथरी सहावर आली. भोगीच्या दिवशी तिने तीळ लावलेली बाजरीची दीड भाकरी खाल्ली आणि मलाच विचारले, "अहो, मोजताय काय?" मी खरोखरच मोजत होतो.

ट्रायल का बंद झाली? औषध घातक ठरले म्हणून नाही, असे कंपनीच्या पत्रातच लिहिले आहे. कारण दिले आहे ते 'विकासकार्याच्या प्राधान्यक्रमातील बदल' असे. सतरा पानांच्या संमतीपत्रात अकराव्या पानावर वाक्य होते की, फायदा होत असल्यास ट्रायलनंतरही औषध देण्याबाबत विचार करण्यात येईल, आणि सही करण्याआधी आम्हाला तोंडी सांगितले गेले, "काळजी करू नका, चालू राहील." दस्तात जे लिहिलेले नाही ते मानायचे नसते, हे मी आयुष्यभर पक्षकारांना सांगत आलो आणि स्वतःच्या घरी विसरलो.

आता आपल्या नियमांकडे वळतो. 'नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९' यांतील नियम २७ म्हणतो की, ट्रायल पूर्ण झाल्यावर रुग्णाला ते औषध प्रायोजकाने, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीने, मोफत द्यावे. मात्र संशोधक डॉक्टरांनी शिफारस केलेली असावी, ट्रायलमधल्या रुग्णांचे हित पाहणाऱ्या एथिक्स कमिटीने ती मान्य केलेली असावी, त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा, औषधाचा फायदा झालेला असावा आणि पुढे काही झाले तर प्रायोजक जबाबदार नाही असे रुग्णाने लिहून द्यावे. आम्ही लिहून द्यायला तयार होतो. एथिक्स कमिटीपर्यंत कागद गेलाच नाही, कारण रुग्णालयाचे म्हणणे असे पडले की ट्रायल 'पूर्ण' झालेली नाही, ती 'थांबवलेली' आहे. या न्यायाने औषधाची ट्रायल शेवटपर्यंत चालवणाऱ्या कंपनीवर बंधन आहे आणि अर्ध्यात उठून जाणाऱ्या कंपनीवर नाही. असा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो शेरा मारून परत पाठवला असता.

दुसरी हरकत 'दुसरा उपचार उपलब्ध आहे' ही. आहे ना, रुक्सोलिटिनिब आहे. अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेले ते पहिले औषध, २०११ मधले. पत्नीने ते दोन वर्षे घेतले. पानथरी थोडी उतरली, पण हिमोग्लोबिन इतके घसरले की दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागू लागले. डोस कमी केला तेव्हा पानथरी पुन्हा वाढली. म्हणूनच तर तिला ट्रायलमध्ये घेतले होते. जो उपचार फसल्यामुळे ती ट्रायलसाठी पात्र ठरली, तोच उपचार तिला औषध नाकारण्याचे कारण ठरतो.

कंपनीने सोडलेले औषध ते, त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असे आपले अधिकारी विचारतील. त्यांनी याच आजारातल्या औषधांचा इतिहास पाहावा. फेड्राटिनिबच्या ट्रायलवर २०१३ मध्ये मेंदूच्या एका विकाराच्या शंकेने बंदी आली, कंपनीने हात झटकले, २०१७ मध्ये बंदी उठली आणि २०१९ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झाले. पॅक्रिटिनिब २०१६ मध्ये थांबवले गेले, २०२२ मध्ये मंजूर झाले. मोमेलोटिनिब एका बड्या कंपनीने सोडून दिले, ते दुसरीने विकत घेतले आणि २०२३ मध्ये ते बाजारात आले. रक्त कमी असलेल्या रुग्णांसाठी आज तेच महत्त्वाचे मानले जाते. म्हणजे या एका आजारात टाकून दिलेली तीन औषधे पुन्हा उभी राहिली. औषधे थांबू शकतात, महोदय. पानथरी थांबत नाही.

शिवाय हे औषध जिवंत पेशींत वाढवून काढावे लागत नाही. लहान रेणू आहे, रसायनशाळेत तयार होतो, गोळीत दाबला जातो, आमच्याकडे तो देवघराशेजारच्या फडताळात राहत होता. देशात या ट्रायलमध्ये आम्ही बावीस जण होतो, असे कक्षात कळले. बावीस जणांच्या गोळ्यांसाठी असा कोणता कारखाना उभारायचा होता? औषध संशोधनाला चालना देण्यासाठी आपल्या सरकारने २०२३ मध्ये पाच हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यातला एक कोटी म्हणजे शंभर रुपयांतले दोन पैसे.

नियम वाचताना जाणवते की त्यांत घड्याळ आहे, पण ते एकाच बाजूला लावलेले आहे. देशातच शोधलेल्या आणि देशातच बनवायच्या औषधाच्या ट्रायलचा अर्ज कामकाजाच्या ३० दिवसांत निकाली निघाला नाही, तर परवानगी मिळाली असे समजायचे. ट्रायल बंद केली तर कारणे कामकाजाच्या ३० दिवसांत कळवायची, तीही ट्रायलला परवानगी देणाऱ्या औषध महानियंत्रकांना. ट्रायलमुळे कोणी दगावले तर भरपाईचे सूत्रसुद्धा आहे : ८ लाखांचा पाया, त्याला वयाचा आणि जोखमीचा गुणक, आणि मग ९९.३७ ने भागाकार. दशांशापर्यंत हिशोब करणाऱ्या या नियमावलीत, औषधामुळे बरे वाटत असलेल्या बाईच्या गोळ्या बंद होण्याआधी तिला किती दिवसांची सूचना द्यावी, याचा एक आकडा नाही. आम्हाला सहा दिवस मिळाले. प्रायोजक गप्प बसलेल्या सरकारकडून परवानगी मिळवतो, रुग्णाच्या अर्जावर सरकार गप्प बसले तर तो फेटाळलाच म्हणायचा.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. नियम २७ मधील 'पूर्ण' या शब्दापुढे 'किंवा सुरक्षिततेखेरीज अन्य कारणाने बंद' एवढे शब्द घाला. 'दुसरा उपचार' हा त्या रुग्णाला लागू पडणारा असावा, पुस्तकातला नव्हे, असे लिहा. शिफारस मागण्याचा अधिकार रुग्णालाही द्या आणि तिच्यावर पंधरा दिवसांत निर्णय होईपर्यंत हातातल्या गोळ्या काढून घेऊ नका.

काल रात्री तिने पाऊण भाकरी खाल्ली. उरलेली पाव भाकरी तिने ताटाखाली सरकवली, मला दिसू नये म्हणून.

उत्तर पाठवल्यास ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असे नसावे, ही विनंती. तसे एक माझ्याकडे आले आहे.

आपला,
एक निवृत्त कारकून
धायरी, पुणे