टेप काढता कधी? पेंटरकाकांना जाहीर आभारपत्र

काका,

स.न.वि.वि.

गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर आमच्या होड्यांच्या कुशीवर, म्हणजे बाजूंवर, यंदा जे रंगाचे पट्टे आहेत, त्यांची कड लांबूनही सुतासारखी दिसते. श्रेय तुमचं, म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहिण्याचं कारण एवढंच, की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि त्या दोन महिन्यांत पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणी ना कुणी हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून एकच प्रश्न विचारत असतं: रंगवताना पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून कुठली टेप घेऊ? तुम्ही या प्रश्नाला उत्तर न देता उलट विचारलंत, "टेप काढता कधी?" खरी मेख तिथेच होती.

बहुतेक जण टेप दुसऱ्या दिवशी सकाळी काढतात, रंग पक्का वाळलेला बरा म्हणून. तोवर इनॅमल रंगाचा थर होडीवर आणि टेपवर मिळून एकच कातडं झालेला असतो. टेप ओढली की ते कातडं वाटेल तिथे फाटतं आणि कडेला करवतीचे दात येतात. तुमचं माप बोटाचं: शेवटचा हात दिल्यावर टेपवरच्या रंगाला बोट लावायचं. रंग बोटाला येत नाही पण ठसा उमटतो, ती वेळ. चांगल्या उघडिपीत ती साधारण तासाभराने येते, दमट हवेत दोन तासांनी. ओढायचीही रीत आहे. टेप सरळ वर उचलायची नाही; ती स्वतःवरच दुमडून, पट्ट्यापासून बाहेरच्या बाजूला तिरकी, सावकाश. हाताला चिकट गुंडाळी होत जाते, ती लगेच पिशवीत, नाहीतर वाऱ्याने तीच पट्टी ताज्या रंगावर जाऊन आपटते.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यायचा असेल तर पंचाईत होते, कारण काढलेली टेप पुन्हा त्याच रेषेवर बसवणं फार कमी हातांना जमतं. तुमचा तोडगा असा की टेप रात्रभर राहिलीच, तर काढण्याआधी नवं ब्लेड कडेवरून अलगद फिरवायचं, रंगाचा थर कापला जाईल एवढंच. ब्लेड खाली जेलकोटपर्यंत (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरापर्यंत) उतरलं तर त्या चिरेत खारं पाणी बसतं आणि पुढच्या वर्षी रंग बरोबर तिथूनच उठतो.

आता टेपबद्दल. पिवळसर कागदी टेप स्वस्त आहे आणि सावलीत, त्याच दिवशी काढायची असेल तर चालते. पण ती सुरकुतलेल्या कागदाची, तिच्या कडेला बारीक चुण्या असतात आणि रंग त्या चुण्यांतून आत शिरतो. उन्हात ती अर्धा दिवस राहिली की गोंद भाजून होडीला चिकटून बसतो. (तो काढायला रॉकेलचा बोळा, मग साबणपाणी. एनसी थिनर, म्हणजे लॅकरचा जहाल थिनर, लावला की गोंदाबरोबर खालचं इनॅमलही मऊ होऊन सुरकुततं.) निळी टेप उन्हाला जास्त दिवस तग धरते. खरी बारीक कड येते ती प्लास्टिकच्या फाइनलाइन टेपने, जी गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात मिळते. ६ मिलिमीटरची घेतली तर नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, वळणावरही न चुणता वळते. तिच्यामागे रुंद कागदी टेप आणि तिला जोडून वर्तमानपत्र. महाग टेप फक्त कडेपुरती, बाकी झाकायला स्वस्त. हा तुमचा हिशेब पटला.

पण टेप कितीही चांगली असो, तिच्याखाली रंग थोडाफार शिरतोच, आणि म्हणूनच तो कुठला शिरू द्यायचा हे आपण ठरवायचं. या पत्रातलं दुसरं काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये. निळ्या होडीवर पांढरा पट्टा मारायचाय. टेप लावून झाली, कड नखाने किंवा कापड गुंडाळलेल्या जुन्या एटीएम कार्डाने दाबून झाली. आता लगेच पांढरा लावायचा नाही. आधी त्या कडेवरून निळ्याचाच एक पातळ हात फिरवायचा. जे काही टेपखाली शिरायचं ते निळंच शिरतं, निळ्यावर निळं, दिसत नाही, आणि फटी बुजून जातात. तो हात वाळला की मग पांढरा. ब्रश टेपवरून पट्ट्याच्या आत ओढायचा. पट्ट्यातून टेपकडे ओढला तर आपणच रंग कडेखाली ढकलतो. हात पातळच हवेत. एका जाड हाताने झाकण्याच्या नादात कडेला बांध तयार होतो, नखाला लागतो, आणि दोर घासला की तिथूनच पापुद्रा सुटतो.

टेप लावताना ती ताणायची नाही, हे सांगूनही कळत नाही. कागदी टेप ताणून लावली की तासाभरात आखडते आणि वळणाच्या आतल्या बाजूने उचलली जाते. रोल पुढे हातभर धरायचा, नजर रोलवर न ठेवता तीन-चार फूट पुढच्या खुणेवर ठेवायची आणि एका दमात टेकवत जायचं. दर वितीला थांबून दाबत गेलं तर रेषेला प्रत्येक थांब्यावर एक पोक येतो. तीस फुटी होडीला दोन माणसं लागतातच, एक रोल धरायला, एक दाबायला.

खुणा पेन्सिलीने किंवा खडूने. बॉलपेन आणि मार्करची शाई वरच्या रंगातून फुटून वर येते, पांढऱ्यातून तर हमखास. वरच्या काठाला समांतर पट्टा असेल तर काठापासून खाली दर फुटावर माप घ्यायचं, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही, कारण काठच मुळात कुठेकुठे ठोकर खाऊन बसलेला असतो. खुणांवरून लांब लवचीक पट्टी टेकवून पाहायची आणि जी खूण पट्टीला जुमानत नाही ती खोडायची. वायरिंगची पीव्हीसी पट्टी या कामाला उत्तम, हे तुम्हीच दाखवलंत. मग वीस पावलं मागे जाऊन पाहायचं. मापात बरोबर आणि डोळ्याला वाकडी अशी रेष असेल तर डोळ्याचं ऐकायचं.

पाण्याच्या रेषेवरचा पट्टा मात्र डोळ्याने होत नाही, तिथे पाणीच लागतं. होडी पाण्यात असतानाच खुणा करून ठेवायच्या, त्याही रिकाम्या होडीवर नव्हे. बर्फ, डिझेल, जाळी चढवून, नदीच्या आत, भरती-ओहोटीच्या मधल्या निवांत पाण्यात नाळेला आणि मागे पाणी जिथे टेकतं तिथे खूण. पट्ट्याची खालची कड तिच्या निदान दोन इंच वर. इनॅमल सतत पाण्याखाली राहिलं तर फोड येतात. खालचा भाग शेवाळ-शंख रोखणाऱ्या बुडाच्या रंगाचा, त्यात इनॅमलने शिरू नये. वर ओढलेली होडी नेहमी नाक वर करून बसते. म्हणून दहा-बारा मीटर पारदर्शक नळी, तिच्यात नीळ टाकलेलं पाणी, आत एकही बुडबुडा नको. नाळेची आणि मागची खूण नळीतल्या पाण्याला एकाच पातळीत येईपर्यंत टेकू सरकवायचे. मग त्याच नळीने मधल्या खुणा, हात-हात अंतरावर.

आणि इथे ती गोष्ट, जी जेटीवर निम्म्या होड्यांवर चुकलेली दिसते. तीन इंचाचा पट्टा म्हणजे उभे तीन इंच. होडीच्या मध्यावर बाजू जवळजवळ उभी असते, तिथे टेप लावून तीन इंच मोजले तरी चालतं. पण मागे, जिथे बाजू बुडाकडे वळते आणि ४५ अंशात कलते, तिथे उभे तीन इंच दिसायला पृष्ठभागावर सव्वाचार इंच रंगवावे लागतात. तिथेही तीनच इंच मोजले तर जेटीवरून पट्टा दोन इंचांचा दिसतो आणि होडी मागून बसल्यासारखी वाटते. म्हणून वरची कडही नळीनेच, तीन इंच वरच्या पातळीवर. टेप-मेजरने नाही.

हवेचं काय? जून-जुलै गोव्यात सर्वाधिक पावसाचे महिने, आणि नेमक्या तेव्हाच होड्या जमिनीवर. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाचा डबा उघडायचाच नाही. इनॅमलची चकाकी जाते, वर दुधी सावट येतं. मीटर नसला तरी तुमची ओल्या फडक्याची परीक्षा पुरते: कुशीवर ओलं फडकं एकदा फिरवायचं, पंधरा मिनिटांत ओल उडाली तर काम करा, नाहीतर चहा घ्या. ताडपत्रीचा माटव पाऊस अडवतो, दमटपणा नाही. उलट दोन्ही टोकं बंद केली तर आत वाढवतो. सकाळी ओल उडाल्यापासून दुपारच्या आधीपर्यंतची वेळ चांगली. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की वाळू आणि खार दोन्ही ओल्या रंगावर. ऊन असेल तर सावलीच्या कुशीवर काम, ऊन फिरलं की आपणही बाजू बदलायची.

टेपने खालचाच रंग उपटून आणला, अशी तक्रार कायम असते आणि शिव्या टेपला बसतात. दोष दोनपैकी एक: खालचा रंग कच्चा किंवा खालची खार धुतलेली नाही. गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, वाळलं की टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचं, पट्ट्याच्या जागेवर ४०० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने. खालच्या इनॅमलला उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात चार. शंका असेल तर कोपऱ्यात टेपचा तुकडा तासभर लावून ओढून पाहावा. नव्या फायबर होडीवर साच्याचं मेण असतं, ते निघाल्याशिवाय कुठलाच रंग धरत नाही. जुन्या लाकडी होडीत फळ्यांच्या सांध्यावर टेप पुलासारखी अधांतरी राहते आणि खालून रंग सुसाट जातो. तिथे आधी पुट्टी भरून घासणं आलं. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग वापरणार असाल तर तो जुन्या इनॅमलवर नको, खालचा थर सुरकुततो. त्याचा हार्डनर दमट हवेशी भांडतो आणि फुफ्फुसांशीही, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

सामानाचं गणित तुम्ही जेटीच्या भिंतीवर खडूने केलं होतं, ते उतरवून घेतलंय. तीस फुटी होडी, चार इंचाचा पट्टा, दोन्ही कुशी: वीस चौरस फूट, म्हणजे दोन चौरस मीटरला थोडं कमी. इनॅमल लिटरला एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जातं, तर दोन हातांना पावणेचारशे मिलिलिटर. अर्ध्या लिटरचा डबा पुरतो. टेप चार कडांना मिळून साडेछत्तीस मीटर. २० मीटरचे दोन रोल म्हणजे कागदावर पुरतात, प्रत्यक्षात तीन आणावेत.

दोन इंचाच्या पट्ट्यासाठी तुमची युक्ती तर फुकटच्या पलीकडची. गडद होडीवर पांढरा चढायला तीन हात लागतात, म्हणून क्रमच उलटा करायचा. आधी त्या जागेवर ऐसपैस पांढरा, चार दिवस वाळू द्यायचा, मग ४८ मिलिमीटरची टेप थेट पट्ट्याच्या जागी चिकटवायची, तिच्या दोन्ही कडांवर पांढऱ्याचा पातळ हात आणि वरून सगळी होडी निळी. टेप काढली की खालून पट्टा निघतो, दोन्ही कडा आपोआप समांतर. दोन्ही कुशींना मिळून एक रोल लागतो आणि दीडेक मीटर उरते. फक्त मोठं वळण असेल तिथे हे नको, रुंद टेप आतल्या बाजूने चुणते.

आणि एवढं करून कुठे रंग फुटलाच, तर ओला असताना पातळ सुरीच्या टोकाला फडकं गुंडाळून, टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवून, कडेला समांतर एकच फेर. वाळल्यावर दिसला तर आठवडाभर थांबायचं, मग या वेळी टेप पट्ट्यावर लावून खालच्या रंगाने कड दुरुस्त करायची. खरवडत बसायचं नाही.

देव बरें करूं, काका. तुमची वायरिंगची पट्टी अजून आमच्याकडेच आहे. या आठवड्यात आणून देतो. तिच्यावर निळे डाग पडलेत, आणि ते टर्पेंटाइननेही निघाले नाहीत.

तुमचे,
मालीम जेटीवरचे होडीवाले