धबधब्याआधी पाणी बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पावसाळा लागला की "धबधब्याला शटर किती ठेवू?" हा प्रश्न तुमच्याकडे येतोच, आणि फोटो काढताना शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा थेट आकडा तुम्ही कधीही सांगत नाही. आधी विचारता, "पाणी किती उंचीवरून पडतंय? जाड आहे की विरळ? तू किती लांब उभा आहेस?" या उलट्या प्रश्नांबद्दल आम्हा सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण "१ सेकंद ठेवा, पाणी दुधासारखं येतं" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यापायी सह्याद्रीतले निरनिराळे धबधबे फोटोत एकसारखे दिसायला लागलेत.

तुम्ही शिकवलेलं ५ मीटरचं गणित आता नव्या मुलांनाही तोंडपाठ आहे. ५ मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला साधारण १० मीटर होतो. म्हणजे १/१००० सेकंदात ते जेमतेम १ सेंटीमीटर सरकतं आणि १/१० सेकंदात १ मीटर. फुल फ्रेम कॅमेरा (३६ × २४ मिमी सेन्सरचा) आडवा धरून २४ मिमी लेन्सने २० मीटरवरून फोटो काढला, तर चौकटीत सुमारे २० मीटर उंची मावते. त्यात १ मीटरची रेघ ठळक दिसते. तीच रेघ २०० मीटरवरून चौकटीच्या उंचीच्या दोनशेव्या भागाएवढीच उरते. म्हणूनच साताऱ्याजवळच्या ठोसेघर धबधब्याला दरीपलीकडच्या सज्जातून १/१० सेकंद ठेवला तर पाणी धड गोठलेलं दिसत नाही, धड वाहतं दिसत नाही. तिथे अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करावी लागते. पायाशी खळाळणाऱ्या ओढ्याला मात्र १/८ ते १/४ भरपूर होतो.

पाण्याच्या जाडीचा मुद्दा तर तुमच्याखेरीज कुणी एवढ्या जीव तोडून सांगितलेला नाही. जुलै-ऑगस्टच्या भरात धार एवढी दाट असते, की १ सेकंदात कातळाचा प्रत्येक ठिपका पांढऱ्या पाण्याने झाकला जातो आणि फोटोत नुसता चुन्याचा पट्टा उरतो. अशा वेळी १/१५ ते १/४ सेकंदात धारांचे पदर सुटे दिसतात. सप्टेंबरअखेर पाणी विरळ झालं, धारांमधून काळा दगड डोकावू लागला, की तोच १ सेकंद शोभून दिसतो. नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याला मात्र यातलं काहीच चालत नाही. वाऱ्याने वर उधळलेले थेंब हाच तिथला विषय. शटर लांबवलं की त्यांचं धुकं होतं आणि पाणी वर जातंय हेच कळत नाही. तिथे १/५०० ते १/१००० सेकंद, आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० पर्यंत चढवायला कचरायचं नाही.

फिल्टरवरचा आमचा खर्चही तुम्ही वाचवलात. ढगाळ दुपारी आयएसओ १०० आणि एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) साधारण १/६० सेकंद मिळतो. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) दीडेक स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), की आलो १/२० वर. त्यावर ३ स्टॉपचा एनडी (नुसता उजेड कमी करणारी गडद काच) लावला की ०.४ सेकंद. म्हणजे घाटमाथ्यावरचं बहुतेक काम या दोन काचांत भागतं. १० स्टॉपचा एनडी लागतो तो डोहात गोल फिरणाऱ्या फेसाची वर्तुळं हवी असतील तेव्हा. पोलरायझर काढून तो लावला, की त्याच उजेडात १७ सेकंदांच्या आसपास जाता येतं. फोकस आधी करून मग मॅन्युअलवर टाकायचा, कारण गडद काचेतून ऑटोफोकस नुसता चाचपडत राहतो. एनडी नसला की लोक एफ/२२ वर जातात. शटर लांबतं खरं, पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) कातळाचा खरखरीतपणा पुसला जातो. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) तर एफ/११ च्या पुढे जायलाच नको.

पोलरायझर ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी काढतो, तेव्हा हिरवा आणि काळा रंग खरा दिसतो. पण तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर तो हळूहळू फिरवून बघा, एका कोनात धनुष्य पार नाहीसं होतं, हा तुमचा इशारा फार मोलाचा. धनुष्य हवं तर सूर्य पाठीशी हवा, हेही त्याच ओघात आलं.

एक्स्पोजरच्या (फोटोत किती उजेड घ्यायचा याच्या) बाबतीत कॅमेरा नेमका कुठे फसतो ते तुम्ही उलगडून सांगितलंत. चौकटीत ओला काळा बसाल्ट जास्त असला, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला उजळवू पाहतो आणि पाण्याचे तपशील जळतात. म्हणून एक्स्पोजर उणे २/३ ते उणे १ स्टॉप ठेवायचं. पाण्यानेच चौकट भरली असेल तर उलटं, पाणी करडं येतं आणि थोडं अधिक द्यावं लागतं. हिस्टोग्रामचं (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक भिंतीला चिकटलं की फोटो पुन्हा काढायचा. जळलेलं पांढरं रॉ (प्रक्रिया न केलेल्या कच्च्या) फाइलमधूनही परत येत नाही.

रचनेबद्दल तुम्ही थोडंच बोलता, पण ते पक्कं. पाणी चौकटीत कुठून येतं आणि कुठून बाहेर जातं ते आधी ठरवा. धार जिथे आपटते तो पायथा कापू नका. पांढरंफटक आकाश शक्य तितकं बाहेर ठेवा. डोहाची कड तिरकी झाली तर सगळं पाणी सांडल्यासारखं वाटतं. पुढे ठेवलेला दगड नुसता जागा भरायला नको, त्याच्याभोवती वाहणारी पाण्याची रेघ नजरेला धारेकडे नेणारी हवी. आम्ही यात एवढीच भर घालू, की पायथ्याच्या जवळ उभं राहिलात तर कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणून एकदा बघावा. पुढच्या प्रवाहाला लांबी येते.

बाकी बारीकसारीक शिस्त: ट्रायपॉडचे सर्वांत बारीक पाय प्रवाहात उघडायचे नाहीत, पाण्याच्या धक्क्याने ते थरथरतात. शटर २ सेकंदांच्या टायमरवर. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबायचं, नाहीतर दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं. कोरडी मायक्रोफायबर फडकी तीन-चार तरी हवीत, कारण पहिलं पहिल्या दोन फोटोंतच भिजतं. लेन्स पुसायची, हाताने झाकायची, वाऱ्याचा झोत ओसरला की हात काढून लगेच शटर. पानं वाऱ्याने हलत असतील तर त्याच जागेवरून आयएसओ वाढवून १/६० चा दुसरा फोटो घ्यायचा आणि पानं त्यातून जोडायची.

आणि एक आभार फोटोशी थेट संबंध नसलेले. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज जड झाला, की ट्रायपॉड सोडून आधी वर चढायचं, हे तुम्ही प्रत्येक नव्या मुलाकडून वदवून घेता. वर घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीआदेश असेल त्या दिवशी गाडी काढायचीच नाही, यावर तुम्ही कुणाचंही ऐकून घेत नाही, तेही योग्यच.

तुम्ही फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले शेरे एका वहीत उतरवून काढले आहेत. शटरचे आकडे पाण्याची जाडी आणि अंतर यांप्रमाणे लावलेत. वही सोबत पाठवतोय. जिथे आमचा आकडा तुम्हाला पटणार नाही तिथे खूण करून द्या, म्हणजे पुढच्या मुलांच्या हाती सुधारलेली प्रत देता येईल.

आपले,
सातारा परिसरातले तुमचे छायाचित्रकार विद्यार्थी