पाचोळ्याला काडी नको, जाळी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळीच्या आधीपासून वड, पिंपळ, बदाम, साग पानं टाकू लागतात आणि सकाळची झाडलोट झाली की रस्त्याच्या कडेला पाचोळ्याचे ढीग धुमसायला लागतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. तरीही काडी लागते, कारण गोळा केलेला पाचोळा टाकायचा कुठे, हे झाडणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बहुतेक सोसायट्यांत त्याची सोय कुंपणाच्या आतच होऊ शकते: जाळीच्या पिंजऱ्यात तो कुजवून त्याचं खत करता येतं.

चार फूट उंच आणि दहा फूट लांब लोखंडी जाळी घ्यावी, टोकं तारेने बांधून गोल उभी करावी. साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. याहून लहान केला तर आत ऊब धरत नाही. जागा झाडाखालची, मातीची, फरशीवर नको. आतून गोणपाट लावलं तर उन्हाळ्याच्या वाऱ्याने कडा सुकत नाहीत. मग फूटभर पाचोळा, त्यावर दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण कालवून ओतायचं, पायाने दाबायचं, पुन्हा पाचोळा. पानांत कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. जिवाणूंना नत्र मिळावं म्हणून शेण. ते मिळत नसेल तर तीन घमेली पाचोळ्याला एक घमेलं भाजीची देठं-सालं चालतात, फक्त ती पाचोळ्याखाली झाकलेली हवीत, नाहीतर चिलटं आणि उंदीर आलेच.

‘वर्ष झालं, काहीच कुजलं नाही’ ही तक्रार बहुधा पाण्याची असते. वरून पाईप धरला की वरचा थर भिजतो आणि पोटात कोरडाठाक पाचोळा तसाच राहतो, मग तिथे वाळवी शिरते. म्हणून मार्च ते मे आठवड्यातून एकदा सळईने खोल भोकं पाडून पाणी द्यावं. मधली मूठभर पानं काढून पिळावीत: बोटं ओली व्हावीत, एखादा थेंब गळावा, धार लागू नये. धार लागली किंवा आंबूस वास आला तर कोरडा पाचोळा मिसळून ढीग उलटावा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, काम नीट चाललं आहे. पावसाळ्यात वरून ताडपत्री टाकावी, नाहीतर सत्त्व वाहून जातं.

दुसरी अडचण पानांच्या आकाराची. गुलमोहर, वर्षावृक्ष, कडुनिंब यांची बारीक पानं तीन-चार महिन्यांत कुजतात. वड, बदाम, फणस, साग यांची मात्र पत्रावळींसारखी एकावर एक चिकटून बसतात, हवा-पाणी आत जात नाही, आठ-दहा महिने लागतात. ती दुपारी कडक झाल्यावर पोत्यात भरून पायाने चुरावीत.

कोकणात नारळाच्या बागेजवळ पिंजरा ठेवायचा असेल तर खत चाळताना जाड पांढऱ्या अळ्या वेचून काढाव्यात. गेंड्या भुंगा अशाच ढिगात वाढतो आणि माडाचा कोंब पोखरतो.

पिंजऱ्यात मावणार नाही तो पाचोळा झाडाभोवतीच्या आळ्यात तीन-चार इंच पसरावा, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकला तर साल कुजते. मात्र कच्चा पाचोळा मातीत खणून मिसळू नये, कुजताना तो जमिनीतलंच नत्र ओढतो आणि रोपं पिवळी पडतात.

महापालिकांकडे मागणी एवढीच की फेब्रुवारी ते एप्रिल पाचोळ्यासाठी वेगळी फेरी ठेवावी, प्रत्येक उद्यानात दोन-चार पिंजरे उभारावेत आणि पाचोळा भरायला झाडलोट कामगारांना गोणपाटाची पोती द्यावीत. गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक रस्त्यावरच वेगळं काढायला त्यांना वेळही मिळायला हवा. एकदा पाचोळ्यात मिसळलं की ते निवडणं फार जिकिरीचं होतं.

आपले,
बागकाम करणारे काही वाचक, पुणे