होय, ॲबा ऐकतोय

नौपाडा, ठाणे

प्रिय मंद्या,

फोनवर तू मध्येच हसत सुटतोस, म्हणून हे पत्रात. होय, मी ॲबा ऐकतोय. तेच स्वीडनचे पॉपवाले, ज्यांना आपण गल्लाभरू म्हणून निकालात काढलं होतं. तलावपाळीच्या कट्ट्यावर आपल्याला एक तर कुमार गंधर्व, नाहीतर पिंक फ्लॉइड. अधलंमधलं काही चालायचंच नाही.

लेकीला क्लासहून आणायला घोडबंदर रोडने जावं लागतं. मानपाड्यापुढे गाडी इंचाइंचाने सरकते आणि गाडीतल्या गाण्यांवर सत्ता तिची. 'डान्सिंग क्वीन' इतक्यांदा आदळलं की शेवटी नीट कान दिला. १९७६चं गाणं. पियानोवरून सर्रकन हात फिरतो आणि गाणं उघडतं ते थेट अर्ध्या ध्रुवपदावर. कडवं नंतर!

आणि आवाज बघ. गाणाऱ्या अग्नेथा आणि फ्रीडा दोघीच, पण ऐकू येतो अख्खा ताफा. मायकेल ट्रेटोव हा त्यांचा ध्वनिमुद्रक. तो त्याच ओळी पुन्हा गाऊन घ्यायचा, एकावर एक चढवायचा आणि टेपचा वेग किंचित बदलायचा, म्हणजे थर तंतोतंत जुळू नयेत. त्या जराशा फरकाने आवाज भरतो. तंबोऱ्याच्या जवारीसाठी तासभर झटणाऱ्याला आपण साधक म्हणतो ना? हाही त्याच जातीचा माणूस.

गंमत म्हणजे आपली तक्रार खुद्द स्वीडनमध्येही होती. १९७४ला ब्रायटनमध्ये 'वॉटर्लू' गाऊन यांनी युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, म्हणून पुढच्या वर्षीची स्पर्धा स्टॉकहोमला आली. तर तिथल्या डाव्या संगीतवाल्यांनी धंदेवाईक संगीताच्या निषेधार्थ त्याच शहरात पर्यायी महोत्सव भरवला. त्यांचा राग मला आजही समजतो. ते चकचकीत कपडे, काही गाण्यांचे बालिश शब्द... पण पैशासाठी केलेलं काम आळसाने केलेलं असतं, असं थोडंच आहे? आपली संगीत नाटकंही तिकिटाच्या पैशांवरच चालली.

'द विनर टेक्स इट ऑल' मात्र एकटा असताना, हेडफोन लावून ऐक. १९८०चं. ॲबामधलाच ब्यॉर्न आणि अग्नेथा, दोघांचा संसार मोडलेला. शब्द त्याने लिहिले आणि गायली ती. आमच्यात कुणी जिंकलं-हरलं नव्हतं, असं तो सांगत आलाय. असेल बुवा! चाल म्हणजे उतरत्या ओळी, त्याच फिरून फिरून येणाऱ्या. शेवटाकडे एका कडव्यात ताल मागे सरतो, ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि मग सगळी वाद्यं एकदम अंगावर येतात. चाल तीच, पण आता ती ऐकवत नाही. मी पेटीवर काढून पाहिलं. गळ्याचे सूर पटकन सापडले, पण त्यांच्यातल्याच बेनीचा पियानो मधल्या जागांत जी उत्तरं देतो, ती काही केल्या बोटांत बसेनात.

आता मला सगळंच गोड लागतं असं समजू नकोस. विसर्जनाच्या डीजेपुढे मी अजूनही खिडक्या लावून घेतो.

तुझा हात पेटीवर माझ्यापेक्षा बरा चालतो. दिवाळीला येशील तेव्हा तेवढा पियानोचा तुकडा बसवून दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या