तंबूची जागा तंबूलाच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलेल्या आमच्या परिचयातल्या मुंबईकरांमध्ये आत झोपण्याची सोय असलेली छोटी गाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन, भाड्याने घेऊन तिथली राष्ट्रीय उद्याने पाहण्याची हौस अलीकडे बरीच दिसते, आणि बुकिंगची वेळ आली की त्यांच्यात एक वाद हमखास निघतो. आरव्हीच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, जागा भरून गेल्या आहेत, ‘फक्त तंबूसाठी’ अशी नोंद असलेली एक जागा मात्र मोकळी दिसते आहे; मग आपली एवढीशी गाडी तिथे उभी करून आतच झोपले तर कोणाचे काय बिघडते? माझ्या मते बिघडते, आणि त्याचा गाडीच्या लांबीशी फारसा संबंध नाही.

व्हॅनवाल्यांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे नाही. त्यांची गाडी साधारण वीस फुटांची असते आणि तिथले पिकअप ट्रकही जवळजवळ तेवढेच लांब असतात. पिकअपमधून तंबू घेऊन आलेल्या कुटुंबाला जी जागा मिळते ती आम्हाला का नाही, हा प्रश्न रास्त वाटतो. शिवाय पुष्कळ व्हॅनमध्ये आता जनरेटर नसतोच. छतावरच्या सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर काम भागते. तथापि सरकारी आरक्षण संकेतस्थळावर प्रत्येक जागेपुढे कोणते साधन चालेल हे एकीकडे आणि गाडीची कमाल लांबी किती हे दुसरीकडे, असे स्वतंत्रपणे लिहिलेले असते. दुसरी अट पाळली म्हणजे पहिली आपोआप पाळली जाते, हा समज मुळात चुकीचा आहे.

पिकअप एकदा उभा राहिला की सकाळपर्यंत त्याचे काम संपते. व्हॅन उभी राहिली की तिचे काम सुरू होते, कारण तेच घर असते. कोणी रात्री अकराला पाणी प्यायला उठतो, कोणी एकला बाहेर जाऊन येतो, आणि दर वेळी तो सरकता दरवाजा खडखडत उघडतो व धाडकन बंद होतो. कुलूप लागताना दिवे लुकलुकतात. छतावरचा पंखा घरघरत राहतो. हे सारे व्हॅनच्या आत बसलेल्याला जाणवतही नाही. शेजारच्या तंबूत कापडाच्या एका पदराआड झोपलेल्या माणसाला मात्र दरवाजा आपल्या उशाशीच आपटल्यासारखा वाटतो. तिथल्या संघीय नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत कॅम्पिंगच्या जागी अवाजवी आवाज करण्यास मनाई आहे, आणि जनरेटरसारख्या यंत्राचा आवाज 50 फुटांवर 60 डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये, असेही बंधन आहे. परंतु दरवाजाचा खडखडाट कुठल्या डेसिबलमध्ये धरणार? असले त्रास मोजून आवरता येत नाहीत म्हणूनच जागा वेगळी ठेवावी लागते.

सांडपाण्याचेही तसेच आहे. गाडीतले पाणी नेमून दिलेल्या ठिकाणाशिवाय सोडण्यास मनाई आहे, आणि तशी सोय तंबूच्या जागेवर सहसा नसते.

याच्या उलट उदाहरण तिथल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सापडते. 1872 साली स्थापन झालेल्या या उद्यानातील फिशिंग ब्रिज येथील आरव्ही पार्कमध्ये कापडी तंबूंना प्रवेश नाही. त्या परिसरात ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने तिथे केवळ कठीण भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम करता येतो. आमचा तंबू अगदी छोटा आहे, एका कोपऱ्यात मावेल, अशी सबब तिथे कोणी सांगितली तर ती ऐकून घेतली जाणार नाही. तंबूवाल्यांनी जो नियम तिथे मान्य करायचा, तोच उलट बाजूने व्हॅनवाल्यांनी मान्य करण्यात अन्याय कसला? व्हॅनला तंबूंच्या जागा सोडून इतर कितीतरी जागा खुल्या असतात. तंबूवाल्याला गाड्यांपासून दूर अशी हीच काय ती जागा असते.

ज्यांना जमिनीवर झोपणे शक्य नाही, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. साठी उलटल्यावर माझे स्वतःचे गुडघेही तंबूतून बाहेर पडताना निषेध नोंदवतात. अशांसाठी सुगम जागा वाढवाव्यात, ही मागणी मी आनंदाने उचलून धरीन. त्यासाठी तंबूची जागा खुली करणे हा मात्र उपाय नव्हे. व्हॅन नुसती मोटार म्हणून उभी करून शेजारी तंबूत झोपणार असाल आणि उद्यानाचा त्याला आक्षेप नसेल, तर माझेही काही म्हणणे नाही.

हे पत्र मुंबईच्या वृत्तपत्राकडे धाडण्याचे कारण असे की, महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच मुक्कामाच्या गाड्यांच्या, पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या बिबट्यांच्या जंगलात कोणी मनाला येईल तिथे गाडी लावून रात्र काढावी असे होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानातील प्रवेशच परवानगीच्या चौकटीत बसवलेला आहे. प्रश्न आहे तो उद्यानांबाहेरचा. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी शनिवारी रात्री तंबूंच्या रांगेला खेटून मोटारी उभ्या राहतात आणि त्यांच्या डिकीतले स्पीकर पाण्यापलीकडे ऐकू जातात, हे तिथे गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या गर्दीत उद्या कॅराव्हॅनची भर पडेल. पर्यटन विभागाने कॅराव्हॅनच्या मुक्कामाची ठिकाणे आखतानाच तंबूंसाठीचे मैदान वाहनतळापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर वेगळे राखावे, आणि वाहनात झोपण्यास तिथे परवानगी नाही हे बुकिंगच्या वेळीच, पैसे भरण्याआधी दिसेल अशा ठिकाणी मराठीत लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई