बुद्धिबळाची स्पर्धा निवडताना आधी यादी वाचा

संपादक महोदय,

खासबागेत कुस्ती लावताना आधी जोड बघतात. वर्षभर तालमीत गेलेल्या पोराला नामांकित मल्लासमोर कोणी सोडत नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धांना मात्र कोल्हापुरात जोड न बघताच मुले पाठवली जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक येते, बक्षिसांची एकूण रक्कम ठळक अक्षरांत असते आणि तेवढेच वाचून प्रवेश फी भरली जाते.

पत्रकात सर्वांत आधी वेळ वाचावी. ‘१५ अधिक ५’ म्हणजे प्रत्येकाला १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंदांची भर. फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) डाव ६० चालींचा धरून हिशेब करते, म्हणजे ही २० मिनिटे झाली. १० मिनिटांपर्यंतचा खेळ ब्लिट्झ, त्यापुढे ६० मिनिटांच्या आतला रॅपिड, ६० आणि त्याहून जास्त असेल तर क्लासिकल. तिन्हींचे रेटिंग, म्हणजे मानांकन (खेळाडूची ताकद दाखवणारा अंक), स्वतंत्र असते. नुसते ‘फिडे मानांकन स्पर्धा’ एवढेच वाचले, तर मिळालेले रेटिंग रॅपिडचे आहे हे घरी आल्यावर कळते. उलट ‘९० अधिक ३०’ असेल तर ६० चालींचा एक डाव चार तास चालू शकतो. दिवसाला दोन फेऱ्या असतील तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा दुसरा डाव बहुधा दमल्यामुळेच जातो.

सोंगट्या चालवता येतात, पण राजा आणि वजीर घेऊन एकट्या राजाला मात देता येत नाही, अशा मुलासाठी शहरातली किंवा इचलकरंजी-जयसिंगपूरकडची एक दिवसाची, विनामानांकन, वयोगटाची स्पर्धा पुरे. जाण्यापूर्वी घड्याळ लावून घरी वीस-पंचवीस डाव खेळवावेत. नवखी मुले डाव हरतात ती बऱ्याचदा नियमांवर. हात लावलेली सोंगटी चालावीच लागते. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे, एकाच हाताने आणि आधी राजा उचलून करायचा. प्यादे शेवटच्या घरात गेले की त्या जागी वजीर ठेवून मगच घड्याळ दाबायचे, नाहीतर ती नियमबाह्य चाल ठरते. क्लासिकलमध्ये अशा पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, दुसऱ्या चुकीला डाव जातो. वजीर जास्त असताना स्टेलमेट करून (समोरच्या राजाला शह नसताना त्याची एकही चाल न उरल्याने डाव बरोबरीत सुटतो) अर्धा गुण घालवणे हे तर प्रत्येक स्पर्धेत दिसते.

वयोगटाचाही गोंधळ होतो. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचे गट ७, ९, ११, १३ असे विषम वर्षांचे आहेत आणि वय १ जानेवारीला मोजतात. २०२५ साली ९ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१६ रोजी किंवा नंतर जन्मलेलीच मुले बसत होती. शालेय क्रीडा स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ असे वेगळे.

आता रेटिंगचे. ‘१६०० खालील’ स्पर्धेत रेटिंग नसलेल्यांनाही सहसा प्रवेश असतो. समजा १२० खेळाडू आहेत, त्यातल्या ७० जणांना रेटिंग आहे, ५० जणांना नाही. स्विस पद्धतीत (कोणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात) यादी रेटिंगच्या उतरत्या क्रमाने लावतात, रेटिंग नसलेले शेवटी, आणि पहिल्या फेरीत पहिला ६१ व्याशी, ६० वा १२० व्याशी खेळतो. म्हणजे सगळ्या ५० जणांना समोर रेटिंगवाला मिळतो. त्यातले बरेचसे हरतात आणि दुसऱ्या फेरीपासून एकमेकांशीच खेळत राहतात. पहिले रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या किमान पाच खेळाडूंशी प्रत्यक्ष डाव व्हावे लागतात. बाय (जोडी न लागल्याने मिळालेला गुण) आणि पुढे चाल (प्रतिस्पर्धी न आल्याने मिळालेला विजय) धरत नाहीत. त्यामुळे नऊ फेऱ्या खेळूनही तीन-चारच डाव हिशेबात येतात. २६ महिन्यांतल्या वेगवेगळ्या स्पर्धांचे डाव एकत्र धरता येतात, म्हणून एकाच स्पर्धेत रेटिंग काढायची घाई नको. पहिल्याच स्पर्धेत रेटिंगवाल्यांविरुद्ध शून्य गुण झाले तर ती स्पर्धा मोजतच नाहीत.

काही पत्रकांत अजून ‘१००० ते १२०० रेटिंग’ असा बक्षीसगट दिसतो. १ मार्च २०२४ पासून फिडेचे किमान रेटिंग १४०० झाले. त्या गटात बसणारा खेळाडूच उरलेला नाही, बक्षीस मात्र एकूण रकमेत मोजलेले असते! आयोजकांनी निदान जुने पत्रक तसेच उचलून छापू नये.

रेटिंग मिळाल्यावर पालक उलटी चूक करतात. ते टिकवायचे म्हणून सोप्या स्पर्धा शोधतात. १८ वर्षांपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, गुणक (एका डावात रेटिंग जास्तीत जास्त किती हलू शकते तो अंक) ४० असतो. १४५० चा मुलगा १८५० वाल्याशी हरला तर रेटिंगचे जेमतेम ३ गुण जातात, जिंकला तर ३७ च्या आसपास मिळतात. बरोबरीच्या खेळाडूशी हरला तर मात्र २० जातात. रेटिंगची मर्यादा नसलेल्या खुल्या गटात खेळायला भ्यावे असे यात काही नाही, फक्त तोवर त्याला चाली नीट लिहिता आल्या पाहिजेत आणि डाव संपल्यावर तो मांडून बघायची सवय हवी.

स्पर्धा झेपेल का, हे ओळखायला मागच्या वर्षीची यादी बघावी. बऱ्याच स्पर्धांच्या याद्या आणि निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर राहतात. त्या यादीत आपला मुलगा साधारण मधल्या एक तृतीयांशात बसत असेल तर जावे. नऊ फेऱ्यांत साडेतीन ते साडेपाच गुण झाले म्हणजे निवड बरोबर होती. दीड गुण झाला तर ती स्पर्धा एक वर्ष लवकर खेळली, आठ झाले तर पुढच्या वेळी वरच्या गटात नाव द्यावे, चषक कितीही मोठा असला तरी.

आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. स्पर्धेची बातमी छापताना बक्षिसाच्या रकमेशेजारी वेळ, फेऱ्यांची संख्या आणि स्पर्धा मानांकित आहे की नाही, एवढी एक ओळ जरूर द्यावी.

— एक बुद्धिबळ प्रशिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर